त्याच मातेचे आणखी अश्रू

बुधवारी दुपारी बटणमावशीच्या दुकानात गेलात तर बटण मिळायचं नाही. शटर अर्धं खाली, आतून एका परक्या बाईचा हंबरडा, आणि त्या हंबरड्यावर कुणा धिप्पाड पुरुषाचं गाणं. नवख्याला वाटायचं, आत काहीतरी भयंकर चाललंय, पोलिसांना बोलवावं. जुन्यांना माहीत होतं, मावशीचा आठवड्याच्या सुट्टीचा इटालियन पिक्चर चाललाय.

आता इटालियन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर ते नामांकित, बक्षिसं मिळवलेले, पुस्तकांत छापून येणारे पिक्चर येतील. ते सोडा. मावशीला त्यांच्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. महायुद्ध संपल्यावर तिकडे ढिगाने निघालेले रडके, गाणारे, पुढे खुद्द इटलीत कुणी विचारत नाही असे जे पिक्चर होते, त्यांच्यावर तिचा जीव होता. गोष्ट साधारण एकच. एक सद्गुणी बाई असते. तिचा नवरा ट्रक चालवतो आणि चालवता चालवता असं गातो की मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या विसरतात. मग पातळ मिशांचा, हातमोजे घातलेला एक इसम नको त्या वेळी नको त्या खोलीत सापडतो आणि नवऱ्याच्या डोक्यात भलतंच शिरतं. बाईने एवढंच म्हणायचं असतं, ‘अहो, हा विम्याचा एजंट आहे.’ पण छे! ती ओठ चावते, खिडकीशी जाते, आणि बाहेर पाऊस सुरू होतो. पुढची दहा वर्षं मूल एकीकडे, आई दुसरीकडे आणि गाणी सगळीकडे.

दर बुधवारी पिक्चर इथवर आला की मावशीचा नवरा डुलकीतून एक डोळा उघडायचा. पाण्याचे मीटर वाचण्यात त्याची नोकरी गेली होती, त्यामुळे बोलणं मोजकं. तो म्हणायचा, “एक वाक्य बोलली असती तर पिक्चर दहा मिनिटांत संपला असता.” आणि दर बुधवारी मावशी हाताशी असेल ती उशी त्याला फेकून मारायची.

“संपला असता, आणि तुम्ही त्या वेळात काय दिवे लावले असते?” ती म्हणायची. “माणसं महत्त्वाचं वाक्य कधी बोलतात का? चहा गार झाला म्हणून बोलतील, नळाला पाणी नाही म्हणून बोलतील. तेवढं एक सोडून सगळं बोलतील. हे ज्याला कळलं त्यानेच हे पिक्चर काढलेत.”

ती पिक्चर बघायची तेही बटणांवरून. दुसरं काय करणार? जन्म गेला होता बटणांत. भिंतभर लहान लहान खोके, प्रत्येकाच्या तोंडावर नमुन्याचं बटण दोऱ्याने बांधलेलं, आणि कुठलं बटण कुठे हे तिला झोपेतही ठाऊक. पडद्यावर कुणी कोट घालून आला की ती पुढे वाकायची. “शिंगाची बटणं! म्हणजे पैसेवाला. आणि वरचं बटण उघडं, म्हणजे नालायक.” नायिकेचे दिवस फिरलेत हे पिक्चर सांगायच्या आधी मावशी सांगायची. “वरून दुसरं बटण बघा. बाकीची काळी, ते तपकिरी. हिला आता बटण शोधून देणारंही कुणी उरलं नाही.” मग ती अशी रडायची, की बघून बाकीच्यांना हसू यायचं. बाकीचे म्हणजे तिघंच. नवरा, भाची, आणि एके काळी चौकातल्या टॉकीजमध्ये पिक्चरचं मशीन चालवणारा म्हातारा, ज्याला सगळे अजून ऑपरेटरच म्हणत.

भाची म्हणजे ताईची मुलगी. आणि ताई म्हणजे समोरचं दुकान.

अगदी समोर. रस्ता ओलांडला की ताईचं शिवणकाम. काचेआड मशीन, मशीनवर ताई, गळ्यात मोजपट्टी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कोट शिवावा तर ताईने. दोघी सख्ख्या बहिणी, एकीकडे कापड, दुसरीकडे बटणं. लोकांना वाटायचं, वा, काय सोय आहे! पण त्या दोघींचं बोलणं ऐकलं की लोक गप्प व्हायचे.

“तुमच्याकडे चार भोकांची काळी आहेत का?”

“आहेत. तुम्हाला मध्यम हवीत की मोठी?”

“मध्यम द्या. मागच्या वेळी तुम्ही दिलेल्यांत एक किंचित निळसर होतं.”

“नव्हतं. पण तुम्ही म्हणताय तर बदलून देते.”

सख्खी थोरली बहीण धाकटीला ‘तुम्ही’ म्हणते, हे तुम्ही कधी ऐकलंय? शिव्या परवडल्या. शिव्यांत निदान माणूस आपलं असतं. लहानपणी ताई तिला ‘बुटके’ म्हणायची, वेणी ओढायची, ताटातलं उचलून खायची. त्या ताईने एके दिवशी ‘तुम्ही’ काढलं आणि ते चाळीसेक वर्षं परत ठेवलं नाही. मावशीने बाकी सगळं सोसलं, हे एक सोसलं नाही. रोज सकाळी शटर वर करताना तिची नजर आधी समोर जायची. भांडण कशावरून? तर पिक्चरवरून. हसू नका.

झालं ते असं. तेव्हा चौकातल्या टॉकीजच्या मालकाने कुठल्याशा लिलावात इटालियन पिक्चरांचा एक गठ्ठा उचलला. स्वस्तात मिळाला, कारण खाली अक्षरं नव्हती आणि कुणाला एक शब्द कळत नव्हता. मालकाने पेंटरला बोलावून पाट्या रंगवल्या. पहिल्या पिक्चरला नाव दिलं ‘अभागी मातेचे अश्रू’. तो चालला, म्हणून दुसऱ्याला ‘दुर्दैवी मातेचे अश्रू’. तोही चालला. तिसऱ्याच्या वेळी पेंटरने विचारलं, आता काय लिहू? मालक म्हणाला, लिही, ‘त्याच मातेचे आणखी अश्रू’. माता वेगळी होती, पण तेवढं कोण बघतंय! बायका रुमाल घेऊन लोटल्या. भाषा कळत नसल्यामुळे प्रत्येकीने आपापली गोष्ट लावून घेतली, आणि घरोघर त्यावर वाद.

त्याच सुमाराला ताईचं लग्न ठरलं होतं. मुलगा घड्याळाच्या दुकानात कामाला, नीटनेटका, पातळ मिशांचा. पुढे मावशी मनाशी म्हणायची, मिशा बघूनच सावध व्हायला हवं होतं, आपण पिक्चर बघतो कशासाठी? तर एका संध्याकाळी शेजारच्या बाईने त्याला बागेत हिरव्या कोटातल्या एका मुलीशी गुलूगुलू बोलताना पाहिलं. मुलगी पाठमोरी. शेजारीण लगबगीने ताईकडे आली. आणि हिरवे कोट तर ताईने त्याच हिवाळ्यात दोन शिवले होते, एकाच कापडातून. एक स्वतःला, एक धाकटीला.

“काल संध्याकाळी कुठे होतीस?” ताईने विचारलं.

“टॉकीजला. त्याच मातेचे.”

“तिकीट दाखव.”

“खाल्लं.”

“खाल्लं?”

“गाणं सुरू झालं की मी चावते, तुला माहितीय. मठ आला तोवर संपलं होतं.”

ताईचे डोळे बारीक झाले. तिने तोच पिक्चर आदल्या दिवशी दुपारच्या खेळाला पाहिला होता. “बरं. शेवट काय होतो सांग.”

“ती मठात जाते, नन होते, मग घरी येते. दारात मूल धावत येतं, नवरा ट्रकमधून उतरतो, आणि सगळे गातात. इतकं छान गाणं, ताई…”

“नन होऊन घरी येते?”

“हो.”

“केस?”

“लांब. मोकळे सोडलेले.”

“मठात कात्रीने कापलेले केस एका गाण्यात कमरेपर्यंत वाढले?” ताई म्हणाली. “शेवटी ती मठातच राहते. घंटा वाजते आणि संपतं. मी या डोळ्यांनी पाहिलंय. तू टॉकीजला नव्हतीस.”

झालं! मावशीने आणाभाका घेतल्या, रडली, ते गाणं म्हणून दाखवलं. जितकी म्हणाली तितकी खोटी पडली. त्याच आठवड्यात मुलाकडून नकार आला, आणि त्यानंतर पहिल्यांदा ताई तिला म्हणाली, “तुमचा कोट खुंटीवर राहिलाय, घेऊन जा.”

खुद्द इटालियन लेखकानेही असलं कथानक ‘अति झालं’ म्हणून फाडून टाकलं असतं. पण घडलं खरं. पुढे दोघींची लग्नं झाली, चांगल्या माणसांशी झाली, दोघी एकमेकींच्या लग्नात पाहुण्यासारख्या येऊन गेल्या. आईवडील गेले तेव्हा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. ताईचा नवरा गेला तेव्हा मावशी महिनाभर डबा पाठवत होती आणि डबा रोज धुऊन, पुसून, ‘तुम्ही उगाच त्रास घेता’ या निरोपासह परत येत होता.

मावशीने मनाशी एकच धरलं. तो पिक्चर शोधायचा, ताईला समोर बसवायचं आणि तो शेवट दाखवायचा. पण शोधणार कसा? खरं नाव पेंटरच्या ब्रशखाली गेलेलं. टॉकीज पाडून तिथे फर्निचरचं दुकान झालेलं. ‘त्याच मातेचे आणखी अश्रू’ असं इटलीत कुणाला सांगणार? मग उपाय एकच उरला, त्या काळचे सगळेच रडके इटालियन पिक्चर मिळतील तसे बघत सुटायचे. आधी कॅसेटी, मग डिस्का. एक शोधायला निघाली आणि वाटेत बाकी सगळ्यांच्या प्रेमात पडली. आंधळी फुलवाली, बंदरातला गाणारा हमाल, न्यायाधीशच आरोपीचा बाप निघतो तो खटला, काही म्हणून सोडलं नाही. आणि हे सगळं का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, भाचीला नाही, ऑपरेटरला तर नाहीच. घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला? भाचीला फक्त एवढंच सांगून ठेवलं होतं, “मठ आहे, ट्रक आहे, आणि बाईच्या कोटाचं वरून दुसरं बटण वेगळं आहे. असा कुठे दिसला तर आण.”

भाची हुशार. रात्रंदिवस कॉम्प्युटरवर असते ती. एका मंगळवारी ती दुकानात आली, पिशवीतून डिस्क काढली आणि काउंटरवर ठेवली. वेष्टनावर फोटो होता, भिंतीला टेकलेली बाई, अंगात कोट.

मावशीने भिंग घेतलं. वरून दुसरं बटण. तपकिरी.

“हाच,” ती म्हणाली आणि मटकन स्टुलावर बसली.

“अजून एक सांगायचंय, मावशी,” भाची म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “माझी बदली झालीय. लांब. आईला बरोबर नेतेय. पुढच्या सोमवारी निघतोय आम्ही. ती दुकान बंद करतेय.”

मावशीच्या हातातलं भिंग तसंच राहिलं. समोर काचेआड ताई एक कोट हातात धरून शिवण तपासत होती. सोमवारनंतर त्या काचेआड कुणीही नसणार. ‘तुम्ही’ म्हणायलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धं खाली झालं. मावशी सगळ्यांत पुढे बसली होती. या पिक्चरला खाली इंग्रजी अक्षरं होती आणि भाची ती मराठीत वाचून सांगत होती. ट्रक आला, मिशा आल्या, गैरसमज झाला, पाऊस लागला. नवऱ्याने एक डोळा उघडला आणि मावशीचा चेहरा बघून परत मिटला. आणि मग ते आलं. दार उघडलं, मूल धावलं, मोकळ्या केसांची बाई उंबऱ्यात उभी राहिली आणि गाणं सुरू झालं.

“हेच!” मावशी उठून उभीच राहिली. “हेच ते गाणं! बघा, केस लांब आहेत! मी म्हणत होते ना? मी म्हणत होते!”

कुणाला काही कळेना. आणि पिक्चरही थांबेना. गाणं संपलं, सासूने एक पत्र दाखवलं, पुन्हा गैरसमज, पुन्हा पाऊस. बाई चालत मठात गेली. कात्री आली. केस खाली पडले. घंटा वाजली आणि पिक्चर संपला.

मावशी खाली बसली. रडलीही नाही. तिच्या मनात एकच भीती उठली होती. ताईचंच बरोबर होतं. मग आपण त्या संध्याकाळी काय पाहिलं? इतकी वर्षं जगात आपल्या बाजूने एकच साक्षीदार होता, आपण स्वतः, आणि आज तोही उलटला. आता ताईला काय म्हणून बोलवायचं? घंटा ऐकवायला?

ऑपरेटरने हातपाय ताणले. “चांगलाय,” तो म्हणाला. “पण हा दुपारचा. संध्याकाळचा याच्यापेक्षा बरा होता.”

“काय?” मावशी म्हणाली.

“दुपारी हा असा लावायचो, शेवटी मठ. लोक रडत रडत तडक घरी. कँटीनला कुत्रं विचारायचं नाही. मालक खवळले. म्हणाले, संध्याकाळी पोरंबाळं घेऊन लोक येतात, त्यांना हसतखेळत बाहेर काढ. मग संध्याकाळच्या खेळाला शेवटची दोन रिळं उलटी लावायची. आधी मठ, मग घर. गाणं संपलं की मी वरून पाटी टाकायचो, ‘समाप्त. कँटीन उघडे आहे.’ काय भजी खपायची!”

मावशीने ऑपरेटरकडे असं बघितलं की तो खुर्चीत मागे सरकला.

“किती वर्षं तुम्ही या खुर्चीत बसून माझा चहा पिताय?”

“बरीच झाली की.”

“आणि हे आत्ता सांगताय?”

“तू कधी विचारलंस?” ऑपरेटर म्हणाला. त्यात त्याचं काय चुकलं, सांगा. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य मावशीने कधी विचारलंच नव्हतं. नवरा तोंड उघडणार होता, पण तिने नुसता उशीवर हात ठेवला आणि त्याने ते मिटलं.

मग तिने सगळी हकीकत सांगितली. बाग, हिरवा कोट, खाल्लेलं तिकीट, सगळं. भाचीने कपाळावर हात मारला. “मावशी, जा ना मग! आत्ता जा आणि सांग तिला.”

मावशी उठली, पदर नीट केला, रस्ता ओलांडला. मनात वाक्य घोकत होती. ताई, मी खरं बोलत होते. ताई, मी खरं बोलत होते. समोर दुकान निम्मं आवरलेलं, कापडांचे गठ्ठे बांधलेले. एकच राखाडी कोट टेबलावर, बटणांवाचून.

“बोला,” ताई म्हणाली. “काय हवंय तुम्हाला?”

मावशीने तोंड उघडलं. “तुम्ही सांगितलेली ती झग्याची पिवळी चेन,” ती म्हणाली, “आलीय.”

“मी आता चेन घेऊन काय करू? मी निघाले.”

“हो. नाही. आलीय, एवढंच.”

आणि परत! तिघांसमोर बटणमावशी रस्ता ओलांडून परत आली आणि खुर्चीत कोसळली.

“बोललीस?” नवऱ्याने विचारलं.

“चेनबद्दल बोलले.”

या खेपेला नवरा हसला नाही. ताईचा निरोप मात्र संध्याकाळी आला. राखाडी कोटाला सहा बटणं, मोठी, काळी, चार भोकांची, आणि हा शेवटचा कोट आहे तेव्हा कृपा करून सगळी एकसारखी पाठवावीत. मावशी खोक्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने पाच काळी बटणं काढली. सहावं काढायला ती दुसऱ्या खोक्याकडे गेली. तिथून तपकिरी बटण काढलं, पुडीत टाकलं आणि शनिवारी दुपारी, अगदी वेळ साधून, पुडी भाचीच्या हाती दिली. शटर अर्धं खाली केलं. शनिवारी! गल्लीला वाटलं, कुणी गेलं की काय.

तोवर आत ऑपरेटर रिमोट घेऊन सज्ज. इतक्या वर्षांनी हाती काम आल्यामुळे त्याने दाढीसुद्धा केली होती. मावशीला आपली बहीण पक्की ठाऊक होती. जगबुडी आली तरी ताई वेगळ्या रंगाचं बटण घरात ठेवायची नाही. ते परत करायला ती स्वतः येणार, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवणार नाही.

आलीच. शटरखालून वाकून आत, मोजपट्टी गळ्यात, तपकिरी बटण चिमटीत. “हे काय पाठवलंय तुम्ही? डोळे आहेत की…”

“बसा,” मावशी म्हणाली. “शोधते.”

“मला वेळ नाही.”

“एक मिनिट बसा.”

ताई बसली, स्टुलाच्या कडेवर. पडद्यावर बाई मठाच्या पायऱ्या चढत होती. ताई बघणार नव्हती, पण अंगावरचा कोट दिसला आणि शिवणारीचे डोळे आपोआप तिकडे गेले. कात्री आली. केस पडले. घंटा वाजली. ऑपरेटरने दोन बटणं दाबली, आणि मठाच्या घंटेतून थेट घराचं दार उघडलं. मूल धावलं. बाई उंबऱ्यात उभी, केस कमरेपर्यंत. ट्रकमधून नवरा उतरला आणि सगळे गायला लागले. मावशी खोक्यात नुसतीच हात घालून उभी होती. तिला वळायचा धीर होत नव्हता.

गाणं संपलं. ऑपरेटर उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, “समाप्त. कँटीन उघडे आहे.”

मग त्याने ताईला सगळं सांगितलं, मालक, रिळं, संध्याकाळचा खेळ. ताई ऐकत होती. बटण बोटांत फिरवत होती.

“केस लांबच होते,” ती शेवटी म्हणाली.

“हं,” मावशी म्हणाली.

“मला माहीत होतं.”

“केसांचं?”

“तू खरं बोलत होतीस ते.” ताई बटणाकडे बघत होती. “त्याच हिवाळ्यात मी त्याला त्या बाईबरोबर पाहिलं. पुढे लग्न केलं त्याने तिच्याशी. कोट हिरवाच होता. काय भिकार शिवण! खांदे उतरलेले, कॉलर वाकडी. माझ्या हातचा कोट तो नव्हेच, हे मला रस्त्याच्या पलीकडून कळलं.”

मावशी हळूच वळली. “तेव्हापासून?”

“तेव्हापासून.”

“मग इतकी वर्षं… तुम्ही… तू… अगं, मी शंभर पिक्चर बघितले! आंधळी फुलवाली चार वेळा बघितली मी तुझ्यापायी! आणि तुला माहीत होतं?” मावशीचा आवाज चढत चालला. भाची दाराकडे सरकली. “तोंड नव्हतं तुला? रस्ता तेवढाच होता ना?”

“तेवढाच होता. रोज वाटायचं, आज जाऊ. येतही होते. आले की बटणं मागायचे आणि परत जायचे.” ताईच्या नाकावरचा चष्मा ओला झाला होता. “तेव्हा तो सोडून गेला, आणि रागवायला कुणीतरी हवं होतं. तू हाताशी होतीस. मग कळलं तेव्हा लाज वाटली. लाजेचं काय करायचं ते मला कळलं नाही, म्हणून ‘तुम्ही’ म्हणत राहिले. एक वाक्य बोलले असते तर…”

ती थांबली. सगळ्यांच्या नजरा नवऱ्याकडे वळल्या. तो पूर्ण जागा होता. त्याने दोन्ही हात वर केले, आपण काही बोललो नाही म्हणून.

मावशीने उशी उचलली आणि सगळा जोर लावून फेकली. ती ताईच्या छातीवर बसली. ताई स्टुलावरून पडता पडता राहिली, चष्मा एका कानावर लोंबकळला.

“बुटके!” ती ओरडली. “लागलं ना!”

आणि मावशी रडायला लागली. पिक्चर बघून रडायची तशी नव्हे. त्याला कुणी हसलं नाही. ताईने तिला ओढून घेतलं, मोजपट्टी दोघींच्या मध्ये अडकली, आणि दोघी तशाच बसून राहिल्या. ऑपरेटर आपण होऊन चहा ठेवायला गेला, जो त्याने त्या दुकानात आजवर कधी केला नव्हता.

बऱ्याच वेळाने मावशीने नाक पुसलं, उठली आणि काळ्या बटणांच्या खोक्यातून सहावं बटण काढलं. “घे. त्या गिऱ्हाइकाला एकसारखी हवीत ना?”

“गिऱ्हाईक नाही,” ताई म्हणाली. “कोट माझाच आहे. प्रवासाला.” तिने काळं बटण बघितलं, परत मावशीच्या हातात ठेवलं आणि तपकिरी बटणावर मूठ मिटली. “हेच लावते. वरून दुसरं.”

“वेगळं दिसेल गं. परक्या ठिकाणी लोक विचारतील.”

“विचारू देत,” ताई म्हणाली. “बहिणीने पाठवलंय म्हणून सांगीन. एका वाक्याचं तर काम आहे.”